मुख्यालय आले, शहराला काय मिळाले?

एखाद्या सरकारी संस्थेचे मुख्यालय एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते तेव्हा तीन गोष्टी हलतात: पगार घेणारी माणसे, खरेदी आणि कंत्राटे मंजूर करणारी सही, आणि या दोहोंच्या जवळ राहण्यात ज्यांचा फायदा आहे असे कारखानदार, व्यापारी, शिक्षक, घरमालक. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते, म्हणून विधिमंडळात आणि वर्तमानपत्रांत बहुतेक चर्चा तिचीच होते. शहराचे अर्थकारण मात्र उरलेल्या दोन गोष्टी बदलतात, आणि तेही सावकाश, वीस-तीस वर्षांच्या अवधीत. भारतात हे पाहण्यासाठी बेंगळुरूइतके सोयीचे शहर दुसरे नाही. या शहरात मुख्यालये आली, इथून गेली, आणि इथे येता येता दुसरीकडे वळलीसुद्धा.

हा इतिहास मराठी वाचकाला परका नाही. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केम्पेगौडाच्या घराण्याकडून बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजे भोसल्यांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांच्या कर्नाटकातील कारभाराचे हे ठाणे होते. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी यांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतले आणि भोसल्यांचे आसन तिकडे गेले. दरबार, फौज आणि त्यांच्यावर पोसणारा बाजार यांचा ओघ दक्षिणेकडे वळला. 1687 मध्ये बेंगळुरू मोगलांच्या हाती पडले आणि पुढे तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांकडे गेले. विणकर आणि व्यापाऱ्यांची पेठ मागे राहिली आणि तिने तग धरला. ज्या गावाकडे स्वतःचा धंदा असतो ते मुख्यालय गेल्यावरही उभे राहते, याचा हा जुना दाखला.

इंग्रजांच्या काळात ओघ उलटा फिरला. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर इंग्रजी फौज श्रीरंगपट्टणला होती. तिथल्या रोगट हवेला कंटाळून 1809 मध्ये ती बेंगळुरूला हलवण्यात आली आणि जुन्या पेठेच्या पूर्वेला छावणी वसली. छावणीला मांस, भाजी, दारूगोळा, कापड, घोडे, धोबी, शिंपी सगळे लागे. ते पुरवण्यासाठी मद्रासच्या बाजूने तमिळ व्यापारी आणि मजूर आले, आणि पेठेशेजारी दुसरे गावच उभे राहिले. या दोन गावांच्या नगरपालिका एक व्हायला 1949 साल उजाडावे लागले. 1831 मध्ये इंग्रजांनी म्हैसूर संस्थानाचा कारभार आपल्या हाती घेतला आणि कमिशनरची कचेरी बेंगळुरूला आणली. सुरुवातीला ती किल्ल्यातील टिपूच्या राजवाड्यात बसे. 1868 मध्ये अठरा खात्यांसाठी बांधलेल्या लाल इमारतीत ती गेली. 'अट्टारा कचेरी' या नावाने ओळखली जाणारी ती इमारत आज कर्नाटक उच्च न्यायालयाची आहे. 1881 मध्ये राज्य महाराजांना परत मिळाले, पण कचेरी बेंगळुरूलाच राहिली. राजवाडा, दसरा आणि दरबार म्हैसूरला. फायली, कंत्राटे आणि नेमणुका बेंगळुरूला. पुढच्या शंभर वर्षांत या दोन शहरांच्या आकारात जो फरक पडला त्यात या वाटणीचा हात मोठा आहे.

विसाव्या शतकात आलेल्या संस्थांपैकी बहुतेक इथेच जन्मल्या. 1909 मध्ये टाटांच्या देणगीतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. डिसेंबर 1940 मध्ये सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत विमानांचा कारखाना काढला. तोच पुढे सरकारी मालकीचा होऊन हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे एचएएल, झाला. स्वातंत्र्यानंतर टेलिफोनचा कारखाना आयटीआय, यंत्रे आणि घड्याळे करणारी एचएमटी, लष्करी इलेक्ट्रॉनिक्सची बीईएल हे कारखाने 1948 ते 1954 या काळात आले. बाहेरून हलवून आणलेली या काळातली महत्त्वाची संस्था म्हणजे विमानविज्ञानाची राष्ट्रीय प्रयोगशाळा, एनएएल. ती 1959 मध्ये दिल्लीत स्थापन झाली आणि वर्षभराच्या आत बेंगळुरूला आली. तिचे पहिले कार्यालय जयमहाल रस्त्यावर म्हैसूर महाराजांच्या वाड्याच्या घोडपागेत होते. दिल्लीत मंत्रालय होते. बेंगळुरूत विमानांचा कारखाना आणि विमानविज्ञान शिकवणारे प्राध्यापक होते. संस्था कामाच्या जवळ गेली, आणि म्हणूनच रुजली.

याच मातीत 1972 मध्ये भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मुख्यालय आले. या प्रकरणाचा मुख्य विषय तोच आहे.

इस्रोची स्थापना 15 ऑगस्ट 1969 ची. विक्रम साराभाई तिचा कारभार अहमदाबादेतून पाहत, आणि संस्था मुंबईच्या अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली होती. 30 डिसेंबर 1971 रोजी साराभाई अचानक गेले. पंतप्रधान इंदिरा गांधींनी सतीश धवन यांना बोलावले. ते तेव्हा भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते आणि वर्षभरासाठी अमेरिकेत कॅलटेकमध्ये गेले होते. धवन यांनी दोन अटी घातल्या: विज्ञान संस्थेचे संचालकपद आपल्याकडेच राहील, आणि अंतराळ कार्यक्रमाचे मुख्यालय बेंगळुरूला असेल. दोन्ही मान्य झाल्या. जून 1972 मध्ये अंतराळ आयोग आणि स्वतंत्र अंतराळ विभाग निर्माण झाला, आणि मधल्या काळात एम. जी. के. मेनन यांनी सांभाळलेली इस्रोची धुरा सप्टेंबरमध्ये धवन यांच्याकडे आली. एका माणसाची सोय म्हणून मुख्यालय हलले, असे यावरून वाटू शकते. ते अर्धेच खरे आहे. त्या सोयीमागे शहराने साठ वर्षांत जमवलेली पुंजी होती, आणि ती नसती तर अट मान्य होऊनही फारसे काही घडले नसते.

काय हलले आणि काय हलले नाही, हे नीट पाहायला हवे. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा तिथेच राहिली, उपग्रहांच्या उपयोगावर काम करणारे केंद्रही तिथेच वाढले. रॉकेटचे काम तिरुवनंतपुरमला राहिले आणि साराभाईंच्या नावाच्या केंद्रात एकवटले. प्रक्षेपण श्रीहरिकोट्याहून होणार होते. बेंगळुरूला प्रत्यक्षात आले ते अध्यक्षांचे कार्यालय, अंतराळ विभागाचे सचिवालय आणि त्यांच्यासोबतचे लेखा, कार्यक्रम व नियोजन विभाग. बरीच वर्षे हे मुख्यालय डिस्ट्रिक्ट ऑफिस रोडवरील कावेरी भवनाच्या एका भागात होते. आजचे अंतरिक्ष भवन न्यू बीईएल रोडवर आहे. त्या मजल्यांवरच्या माणसांचा पगार हा बेंगळुरूच्या उलाढालीचा नगण्य भाग होता.

महत्त्वाची ठरली ती त्याच वर्षी घडलेली दुसरी घटना. उडुपी रामचंद्र राव यांच्या नेतृत्वाखालील उपग्रहाचा गट बेंगळुरूला आला आणि शहराच्या वायव्येला पीन्या औद्योगिक वसाहतीतील साध्या छपराच्या शेडमध्ये काम करू लागला. तिथे तयार झालेला 360 किलोंचा 'आर्यभट' 19 एप्रिल 1975 रोजी सोव्हिएत युनियनमधील कापुस्तिन यार येथून अवकाशात गेला. उपग्रह म्हणजे हजारो सुट्या भागांची जुळवणी: अचूक कातकाम, सोल्डरिंग, मुद्रित मंडले, तापमान-कंपन चाचण्या. हे करू शकणारे फिटर, टर्नर आणि तंत्रज्ञ एचएएल, बीईएल, आयटीआय, एचएमटी यांनी आधीच तयार केले होते. मुख्यालयाने त्यांना नवे गिऱ्हाईक दिले, आणि ते गिऱ्हाईक कडक होते. भाग मापात बसला नाही तर परत जाई. या शिस्तीत तावून निघालेल्या छोट्या कारखान्यांना पुढे विमान, संरक्षण, वैद्यकीय उपकरणे अशी इतर कामेही मिळू शकली. स्थानिक अर्थकारणावरचा हा परिणाम कोणत्याही ताळेबंदात वेगळा दिसत नाही, पण सर्वांत टिकाऊ तोच आहे.

एकदा मुख्यालय बसले की त्याच्याभोवती नवी केंद्रे सुरू करणे सोपे होते. उपग्रह केंद्र पीन्याहून विमानतळ रस्त्यावर गेले. 2018 पासून ते यू. आर. राव यांच्या नावाने ओळखले जाते. उपग्रहांवर लक्ष ठेवणारे इस्ट्रॅक, प्रकाशीय उपकरणांची प्रयोगशाळा, दूरच्या अवकाशातील यानांशी बोलणारे बेंगळुरूजवळच्या ब्यालाळू गावचे मोठे अँटेना, 1992 ची व्यापारी कंपनी अँट्रिक्स, 2019 मध्ये सुरू झालेले मानवी अवकाश उड्डाण केंद्र आणि न्यूस्पेस इंडिया लिमिटेड, सगळे बेंगळुरूच्या परिसरात आले. यांपैकी एकही संस्था 1972 च्या निर्णयात लिहिलेली नव्हती. मुख्यालयाचा फायदा आकडेमोडीत पकडणे अवघड जाते ते यामुळेच: पहिल्या दिवशी आलेल्या खुर्च्या मोजता येतात, त्यांच्यामुळे तीस वर्षांनी कुठली संस्था इथे येईल ते मोजता येत नाही.

आता पैशाकडे. अंतराळ विभागाचे वार्षिक अंदाजपत्रक अलीकडे सुमारे 13 हजार कोटी रुपयांचे असते. मुख्यालय बेंगळुरूला आहे म्हणून हे पैसे बेंगळुरूत खर्च होतात असे समजणे चूक आहे. सर्वांत मोठे केंद्र तिरुवनंतपुरमला आहे. रॉकेटच्या मोटारींची आवरणे पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला 1970 च्या दशकापासून बनतात. रॉकेटच्या 'विकास' इंजिनाचे काम मुंबईत विक्रोळीला गोदरेजमध्ये होते, आणि लार्सन अँड टुब्रोच्या पवईच्या कारखान्याचाही यात जुना वाटा आहे. ज्या वालचंदांनी बेंगळुरूला विमानाचा कारखाना दिला, त्यांच्याच गावातला कारखाना बेंगळुरूहून निघालेल्या मागणीवर काम करतो. साखरेची यंत्रे करणाऱ्या वालचंदनगरसारख्या गावाला वेल्डिंग आणि जड घडाईचे उच्च प्रतीचे काम यातून मिळाले. तिथल्या कामगाराला त्यासाठी बेंगळुरूला जावे लागले नाही.

मग बेंगळुरूला नेमका कुठला हिस्सा मिळतो? सहीच्या जवळचा. मोठा कारखानदार कुठेही असला तरी निविदा भरू शकतो. लहान कारखानदाराला मात्र आराखड्यातील शंका विचारायला, नमुना दाखवायला, अडकलेल्या बिलाचा पाठपुरावा करायला जवळ असावे लागते. दहा-वीस माणसांच्या कारखान्याला तिरुवनंतपुरमची फेरी परवडत नाही, पीन्याहून न्यू बीईएल रोडची परवडते. सप्टेंबर 2022 मध्ये न्यूस्पेस इंडियाने पाच पीएसएलव्ही रॉकेट बांधण्याचे सुमारे 860 कोटींचे काम एचएएल आणि लार्सन अँड टुब्रो यांच्या जोडीला दिले. देणारी कंपनी बेंगळुरूची, घेणाऱ्यांपैकी एक बेंगळुरूची, दुसरी मुंबईची. 2025 मध्ये छोट्या एसएसएलव्ही रॉकेटचे तंत्रज्ञानही एचएएलने 511 कोटींची बोली लावून मिळवले. उपग्रह क्षेत्रातील पिक्सेल, दिगंतरा, बेलाट्रिक्स यांसारख्या नव्या कंपन्या बेंगळुरूच्याच. पण स्कायरूट हैदराबादला आहे आणि अग्निकुल चेन्नईला, म्हणजे ही ओढ पूर्ण नाही. खाजगी अंतराळ उद्योगाला परवानगी देणाऱ्या इन-स्पेस या संस्थेचे मुख्यालय जून 2022 मध्ये अहमदाबादेत बोपलला सुरू झाले. पन्नास वर्षांपूर्वी एक मुख्यालय गमावलेल्या शहराला दुसरे मिळाले, आणि तेही तिथल्या प्रयोगशाळा मधल्या काळात चालू राहिल्या म्हणून.

सरकारी संस्थांनी बेंगळुरूच्या जमिनीवर काय केले हे पाहायला शहराचा नकाशा पुरेसा आहे. एचएएल सेकंड स्टेज, एनएएल लेआउट, इस्रो लेआउट, बीईएमएल लेआउट, एचएमटी लेआउट, कॉफी बोर्ड लेआउट: ही वस्त्यांची नावे आहेत. संस्थांच्या कर्मचाऱ्यांनी गृहनिर्माण सोसायट्या काढल्या, शहराबाहेरची शेतजमीन घेतली, भूखंड पाडले आणि सभासदांना हप्त्यांवर दिले. रस्ते, पाण्याच्या टाक्या, शाळा, बससेवा त्यांच्यामागून आल्या. नियमित पगार आणि निवृत्तिवेतन असलेल्या माणसाला बँक कर्ज देते, म्हणून या वस्त्यांत बांधकाम स्थिर गतीने चाले आणि गवंडी, सुतार, वायरमन यांना वर्षभर काम मिळे. पुढे माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या आणि याच भूखंडांची किंमत मूळ किमतीच्या अनेक पट झाली. 1970-80 च्या दशकांत संस्थेत शिरलेल्या तंत्रज्ञाच्या कुटुंबाला नोकरीपेक्षा भूखंडाने अधिक दिले, असे कितीतरी घरांबाबत म्हणता येईल. ज्या शेतकऱ्याने तो भूखंड विकला त्याच्या वाट्याला या वाढीतले काही आले नाही, हेही तितकेच खरे आहे.

नोकऱ्यांच्या प्रश्नावर बेंगळुरूत तीव्र असंतोष होता. केंद्रीय संस्थेचे वरचे अधिकारी आणि शास्त्रज्ञ देशभरातून येतात; ती पदे त्या शहरासाठी नसतातच. स्थानिकांना आशा असते ती लिपिक, चालक, शिपाई, प्रयोगशाळा मदतनीस या जागांची. त्याही बाहेरच्यांना जातात, अशी तक्रार 1980 च्या दशकात वाढली, तेव्हा धारवाडच्या माजी खासदार सरोजिनी महिषी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. केंद्रीय उपक्रमांतील 'क' आणि 'ड' गटाची सर्व पदे कन्नडिगांना द्यावीत, अशी शिफारस तिच्या 1986 च्या अहवालात होती. मुंबईत 1960 च्या दशकात उभी राहिलेली भूमिपुत्रांची मागणी ज्यांना आठवते त्यांना या अहवालामागची भावना समजावून सांगावी लागणार नाही. मुख्यालय 'आपल्या' शहरात आहे आणि त्याच्या दारातून आपली मुले आत जात नाहीत, ही वेदना खरी होती. आज ही खालची कामे बहुतांशी कंत्राटदारांमार्फत होतात. सुरक्षा, सफाई, उपाहारगृह, वाहने यांत स्थानिक माणूस मोठ्या संख्येने आहे, पण कायम पदाचा पगार आणि निवृत्तिवेतन त्याला नाही. मुख्यालयामुळे निर्माण होणाऱ्या रोजगाराची संख्या सांगताना त्याची प्रतही सांगितली पाहिजे.

महापालिकेच्या तिजोरीत काय पडते? अपेक्षेपेक्षा कमी. संविधानाच्या कलम 285 नुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याला किंवा स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. त्याऐवजी सेवाशुल्क घेता येते. 2009 मध्ये राजकोट महापालिकेच्या प्रकरणातून ठरलेल्या पद्धतीनुसार, केंद्राची इमारत नगरसेवांचा किती उपयोग करते यावर ते मालमत्ता कराच्या 75, 50 किंवा 33⅓ टक्के असते. म्हणजे रस्ता, पाणी, मलनिस्सारण यांचा पूर्ण भार शहरावर आणि मोबदला अपुरा. ही तूट भरून निघते ती अप्रत्यक्ष मार्गांनी: आसपासच्या खाजगी इमारतींचा कर, मुद्रांक शुल्क, राज्याच्या वाट्याचा जीएसटी. यातला पहिला पैसा पालिकेला मिळतो, बाकीचा राज्याला.

मुख्यालय कामाच्या जवळ गेल्याचे रेशीम मंडळाचे उदाहरण इथे घेण्यासारखे आहे. 1948 च्या कायद्याने निर्माण झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळाचे कार्यालय अनेक वर्षे मुंबईत मरीन ड्राइव्हवरील 'मेघदूत' इमारतीत होते. कापड व्यापाराची राजधानी मुंबई, म्हणून ते तिथे. पण कोष पिकतो तो कर्नाटकात: रामनगर, शिडलघट्टा, चन्नपट्टण या पट्ट्यात. मंडळ शेवटी बेंगळुरूला आले आणि होसूर रस्त्यावर मडिवाळजवळ त्याचे संकुल उभे राहिले. मुंबईला या जाण्याची झळ लागली नाही; एवढ्या मोठ्या शहराच्या अर्थकारणात ते कार्यालय फार लहान होते. कर्नाटकातल्या रेशीम शेतकऱ्याला मात्र मंडळाचे अधिकारी आणि संशोधक दोन-तीन तासांच्या अंतरावर मिळाले. मुख्यालय हलवण्याचे समर्थन करायचे तर ते असे असावे. सामान्य बेंगळुरूकराला मात्र 'सिल्क बोर्ड' हे नाव माहीत आहे ते वाहतूक कोंडीमुळे. होसूर रस्ता आणि बाह्यवर्तुळ मार्ग तिथे मिळतात आणि इलेक्ट्रॉनिक सिटीची सगळी रहदारी त्या चौकातून जाते. कोंडी रेशीम मंडळाने केलेली नाही, पण चौकाचे नाव त्याचे राहिले. ऑगस्ट 2025 मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गावरील स्थानकालाही तेच नाव आहे.

सरकारी पद आल्याने आजूबाजूला किती खाजगी रोजगार वाढतो, यावर युरोपात बरेच काम झाले आहे. जूलिया फाज्जो आणि हेन्री ओव्हरमन यांच्या 2014 च्या अभ्यासात इंग्लंडमधील निष्कर्ष असा होता की दहा सरकारी पदे वाढली की दुकाने, बांधकाम, सेवा यांत सुमारे पाच नोकऱ्या वाढतात, आणि कारखानदारीत सुमारे चार कमी होतात. कारण साधे आहे: सरकारी पगारामुळे घरभाडे आणि मजुरी वाढते, आणि बाहेरच्या बाजारासाठी माल करणाऱ्या कारखान्याला ती परवडत नाही. बेंगळुरूत हा दुसरा परिणाम बराच काळ दबून राहिला, कारण इथल्या मुख्यालयांनी कारखान्यांकडून मालही घेतला. निव्वळ फायली हाताळणारे मुख्यालय आणि वस्तू विकत घेणारे मुख्यालय यांतला फरक इथे निर्णायक आहे. अर्थात एकट्या इस्रोला शहराच्या वाढीचे श्रेय देता येणार नाही. 1971 मध्ये सुमारे साडेसोळा लाख असलेली बेंगळुरूची लोकसंख्या 1981 मध्ये सुमारे 29 लाख झाली; त्यामागे कारखाने, गिरण्या, राज्य सरकार, शिक्षणसंस्था, सगळे होते. 1983 मध्ये पुण्याहून बेंगळुरूला गेलेली इन्फोसिससुद्धा सरकारी मुख्यालयासाठी गेली नव्हती. मायको कंपनी तिची गिऱ्हाईक होती, म्हणून गेली.

मुख्यालय गमावणाऱ्या शहराचे काय होते, याचे उत्तर धारवाडमध्ये सापडते. 1882 मध्ये स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेचे मुख्यालय धारवाडला होते. 1908 मध्ये ती मद्रास रेल्वेत विलीन झाली आणि मुख्यालय मद्रासला गेले. मागे राहिली एक भव्य रिकामी इमारत. दहाएक वर्षांनी कर्नाटक कॉलेज निघाले आणि ते या इमारतीत आले. धारवाड पुढे विद्यापीठाचे, शाळा-वसतिगृहांचे शहर झाले. त्यात या आयत्या इमारतीचा वाटा होता. जर्मनीत बॉन शहराबाबत हेच योजनापूर्वक करण्यात आले. 20 जून 1991 रोजी जर्मन संसदेने बर्लिनला जाण्याचा ठराव केला. 1994 च्या कायद्याने बॉनच्या परिसराला 2.81 अब्ज मार्कांची भरपाई आणि काही मंत्रालये कायम ठेवण्याची हमी दिली. इतर शहरांतल्या काही संघीय संस्था बॉनला आणल्या गेल्या, संयुक्त राष्ट्रसंघाची कार्यालये आली. बॉन खचले नाही. 1956 मध्ये राजधानीपण गमावलेल्या नागपूरला मात्र वर्षातून एक हिवाळी अधिवेशन आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ मिळाले. खंडपीठाने शहराला कायमचा वकीलवर्ग आणि पक्षकारांची ये-जा दिली. अधिवेशनाने काही आठवड्यांची हॉटेलांची कमाई.

बेंगळुरूकडून हिरावलेले सर्वांत महत्त्वाचे मुख्यालय रेल्वेचे आहे. 1990 च्या दशकात नैर्ऋत्य रेल्वे हा नवा विभाग ठरला तेव्हा मुख्यालय बेंगळुरूला व्हायचे होते. उत्तर कर्नाटकात त्याविरुद्ध आंदोलन झाले, निर्णय फिरला, आणि 1 एप्रिल 2003 पासून हुबळी हे मुख्यालय झाले. गदग रस्त्यावर रेल सौध उभे राहिले. बेळगाव, लोंढा आणि गोव्यातील कुळे-वास्को मार्गाच्या रेल्वेचे निर्णय आता तिथे होतात. हुबळीला आधीपासून रेल्वेची कार्यशाळा होती, रेल्वेवर जगणारी वस्ती होती, माल पुरवणारे ठेकेदार होते. महाव्यवस्थापकाची सही त्यांच्या गावात आली. त्यामुळे हे स्थलांतर टिकले. रेल्वे भरती मंडळ मात्र अजून बेंगळुरूलाच आहे.

मोठ्या शहरातून लहान शहरात जाताना सर्वांत अवघड जाते ते माणसांचे जाणे. केंद्रीय कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यानंतर 2024 पासून तो 'एक्स' वर्गाच्या शहरांत मूळ वेतनाच्या 30 टक्के आणि 'वाय' वर्गात 20 टक्के आहे. बेंगळुरू पहिल्या वर्गात, हुबळी-धारवाड आणि बेळगाव दुसऱ्या. एक लाख मूळ वेतनाच्या अधिकाऱ्याचे बदलीमुळे महिन्याला दहा हजार रुपये कमी होतात. स्वस्त घरामुळे ते भरून निघतातही, पण पत्नीची किंवा पतीची नोकरी, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आई-वडिलांचा दवाखाना यांची भरपाई कुठल्याच भत्त्यात नाही. 2019 मध्ये अमेरिकेने सरकारी जमिनींचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचे मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोतील ग्रँड जंक्शनला न्यायचे ठरवले. बाहेर हलवायच्या 328 पदांवरील 287 जणांनी नोकरी सोडली किंवा निवृत्ती घेतली. ग्रँड जंक्शनला गेले फक्त तीन. 2021 मध्ये मुख्यालय परत वॉशिंग्टनला आले. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाचेही असेच झाले. ते वेल्समधील न्यूपोर्टला गेले तेव्हा लंडनच्या सुमारे 90 टक्के कर्मचाऱ्यांनी सोबत जायचे नाकारले, आणि देशाच्या आर्थिक आकडेवारीवर त्याचा परिणाम झाल्याची टीका पुढे अधिकृत अहवालात झाली.

बेळगावचा प्रश्न या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. 2006 मध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन पहिल्यांदा तिथे भरले आणि 11 ऑक्टोबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असताना ही इमारत उभी राहिली आणि तिचा राजकीय हेतू कुणी लपवला नाही. अर्थकारणाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. वर्षातून साधारण दहा दिवस हॉटेले, गाड्या आणि खानावळी भरतात. मंत्री, सचिव आणि त्यांच्या फायली बेंगळुरूहून येतात आणि बेंगळुरूला परत जातात. पाटबंधारे निगमांसह काही राज्यस्तरीय कार्यालये उत्तर कर्नाटकात हलवण्याचा निर्णय 2019 च्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने घेतला, पण अधिकारी बेंगळुरू सोडायला नाखूश आणि मंजुरीचे अधिकार सचिवालयाकडेच, त्यामुळे तो रखडत राहिला. बेळगाव भागात ऊस आहे, ओतकाम आहे, अचूक यंत्रभाग करणारे कारखाने आहेत, अभियांत्रिकीची विद्यार्थिसंख्या आहे. बेंगळुरूला 1972 मध्ये ज्या प्रकारची पुंजी होती, तशी लहान प्रमाणात इथे आहे. या भागातल्या मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषा बोलणाऱ्या कारखानदारांना खरा उपयोग होईल तो वर्षभर उघड्या राहणाऱ्या आणि खरेदीची सही करू शकणाऱ्या एखाद्या मध्यम आकाराच्या कार्यालयाचा. दहा दिवसांच्या अधिवेशनाने ते काम गेल्या अनेक वर्षांत केलेले नाही.